सुई टाकून ‘पाय’ इतका अचूक मिळत नाही

समांतर रेघांच्या कागदावर 3408 वेळा सुई टाकून ती किती वेळा रेघेवर पडते ते मोजले की पायची (π) किंमत 3.1415929, म्हणजे सहा दशांश स्थळांपर्यंत बरोबर येते, असा मजकूर फिरतो आहे. इटलीच्या मारिओ लाझारिनीने 1901 मध्ये हा आकडा प्रसिद्ध केला, हे खरे. पण तसाच आकडा कोणालाही मिळेल, हे खरे नाही.

त्याची सुई 2.5 सेंमी, रेघांतले अंतर 3 सेंमी आणि सुई रेघेवर पडली 1808 वेळा. उत्तर काढायचे ते असे: (2 × सुईची लांबी × फेकी) ÷ (रेघांतले अंतर × रेघेवर पडल्याच्या वेळा). ती एकदाच जास्त पडली असती तरी उत्तर 3.1399 झाले असते! संगणकावर 3408 फेकींचे सिम्युलेशन पुन्हा पुन्हा चालवा: रेघेवर पडण्याची संख्या सहज 29 ने इकडेतिकडे होते, म्हणजे पाय साधारण 3.09 ते 3.19.

मग 3408च का? दर 213 फेकींत सुई 113 वेळा रेघेवर पडली की उत्तर नेमके 355/113, म्हणजे पायच्या अगदी जवळचा अपूर्णांक (3.1415929) येते, आणि 3408 म्हणजे 213 च्या 16 पट. सोयीच्या जागी थांबल्याचा संशय अभ्यासकांनी घेतला तो यामुळेच.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. मात्र 100 फेकींत कोणाचे उत्तर 3.4 आले, तर गुण कापू नयेत.