पत्रा कच्चा की पक्का, एकदाचं ठरवा!

दरवर्षी कारखान्याच्या विम्याचं नूतनीकरण आलं की विमावाल्याचं तेच. "शेडवर पत्रा आहे? मग बघावं लागेल." काय बघावं लागेल? सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही टॉवेलच्या कारखान्यात मान वर करा, सिमेंटचा पत्राच दिसेल. पॉलिसीत कच्चं बांधकाम म्हणजे गवत, बांबू, लाकडी फळ्या, ताडपत्री, प्लास्टिक असं स्पष्ट लिहिलंय. सिमेंटचा पत्रा त्यात नाही. तरी फॉर्म भरणारा मनानंच 'कच्चं' लिहून मोकळा होतो.

मे महिन्यात वळवाचं वादळ येतं, पत्रे फुटतात, सूत भिजतं. मग नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर म्हणतो, पत्रे जुने होते, ही झीज आहे. अहो, हप्ता घेताना ते जुने नव्हते का?

पण खरा संताप वेगळाच आहे. सिमेंटच्या या पत्र्यात बहुतेकदा अॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असतं. तो फुटला की त्याचे तंतू हवेत जातात, फुफ्फुसात रुततात, त्यातून कॅन्सर होऊ शकतो. म्हणून पत्रा ओला करून, न फोडता उतरवायला हवा. छोट्या उद्योगांसाठी २०२१ पासून असलेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत मलबा हटवायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंतच पैसे मिळतात. तेवढ्यात कोण नीट उतरवणार? घण घालून फोडतात, आणि त्याच धुळीत बायका सुताच्या कांड्या भरत बसतात. विम्याच्या फॉर्मवर यावर एक प्रश्नसुद्धा नाही. आधी छपराचं वय विचारा, फोटो घ्या, आणि पत्रा उतरवायचा खर्च वेगळा धरा!