भीमाशंकरचा रस्ता रुंद करा म्हणणाऱ्यांसाठी

श्रावण जवळ आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गाऱ्हाणी सुरू होतात. भीमाशंकरचा रस्ता अरुंद, पार्किंग अपुरं, गाडी जागची हलत नाही. मग कुणीतरी लिहितंच, "करा की रुंद! चार झाडं गेली तर दहापट लावू."

इथे माझं डोकं फिरतं.

हा रस्ता ज्यातून जातो ते भीमाशंकर अभयारण्य 1985 सालचं, सुमारे 130 चौरस किलोमीटर, पुणे-ठाणे-रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. एवढ्यात चार झाडांचं काय कौतुक? पण ते ज्याच्यासाठी ओळखलं जातं ते शेकरू, आपला राज्यप्राणी, सहसा जमिनीवर उतरतच नाही. खाणं, झोपणं, पिल्लं वाढवणं, सगळं वरच्या वर. घरटीही एकच नाही, अनेक बांधतं, तीही शेंड्याकडच्या बारीक फांद्यांवर, जिथे शिकारी जनावराचं वजन पेलत नाही. उडी फार तर वीसेक फुटांची. दोन झाडांत त्याहून जास्त फट पडली की पलीकडचा उंबर फळांनी कितीही लगडू दे, शेकरूच्या दृष्टीने तो दुसऱ्या गावात. आज अरुंद रस्त्यावर दोन्हीकडच्या फांद्या एकमेकींत शिरल्यात, तोच त्याचा पूल. तुमची दहापट रोपं कुठल्या तरी माळावर लागणार. पूल कोण बांधणार?

हा सलगपणा आपोआप टिकलेला नाही. देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही, हा इथल्या गावांचा जुना दंडक. महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा, म्हणजे हिरड्याच्या झाडाची कोवळी फळं, गोळा करून, वाळवून विकतात, त्यामुळे उभा हिरडा त्यांच्या घरचं उत्पन्न आहे. आपण पुण्याहून येतो, पाटीवरच्या शेकरूसोबत सेल्फी काढतो, आणि वेफर्सची पाकिटं टाकून जातो. (पावसाळ्यात रात्री चमकणारी बुरशी बघायला टॉर्च घेऊन झुंडीने घुसणारे, तो वेगळाच विषय.)

श्रावणात गर्दी वाढली की खासगी गाड्या खालीच थांबवून वर एसटी सोडतात. हेच प्रत्येक शनिवार-रविवारी करा. रस्ता आहे तेवढाच पुरेल.

"आणि म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं?" हा प्रश्न येणारच. लांब लावलेल्या गाडीपासून चालत येण्यापेक्षा बस बरी की. आमच्या आईने पंचाहत्तरी ओलांडलीय, तिला तर तिकीटही लागत नाही.