तीस झाले म्हणून डेटा नॉर्मल होत नाही

परवा भाचीने प्रकल्पाची वही पुढे केली. "मावशी, एकदा नजर टाक ना, उद्या द्यायचाय." पहिल्या वर्षाला आहे ती, विषय संख्याशास्त्र. एका खिडकीपुढच्या रांगेत लोकांना किती वेळ थांबावं लागतं, याच्या ४० नोंदी तिने स्वतः उभं राहून घेतल्या होत्या. सरासरी १२ मिनिटं, प्रमाण विचलन (म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ११ मिनिटं. इथपर्यंत काम चोख होतं. खाली निष्कर्ष होता: "नमुना ३० पेक्षा मोठा असल्यामुळे डेटा नॉर्मल आहे. म्हणून ९५ टक्के लोक उणे १० ते ३४ मिनिटं थांबतात."

नॉर्मल म्हणजे घंटेच्या आकाराचा, दोन्ही बाजूंना सारखा उतरणारा. तसा डेटा असेल तर सरासरीच्या अलीकडे-पलीकडे दोन प्रमाण विचलनांत सुमारे ९५ टक्के आकडे येतात; हा हिशेब तिथून आला. पण उणे दहा मिनिटं कोणी थांबू शकत नाही. तिलाही ते खटकलं होतं. पण तिने ते खोडलं नाही, कारण वर्गात फिरत असलेल्या मेसेजमध्ये तसंच करायला सांगितलं होतं. "संख्याशास्त्र ५ मिनिटांत" असं त्याचं नाव. तो मी मागून घेतला, वाचला, आणि तेव्हापासून स्वस्थ बसवत नाहीये. स्वतःच्या डोळ्यांना दिसणारी चूक एका मुलीने नियमाच्या धाकाने तशीच ठेवली, याचा मला राग आहे.

मेसेजमधलं पहिलं वाक्य: "नमुना ३० चा झाला की कोणताही डेटा नॉर्मल होतो. यालाच सेंट्रल लिमिट थिअरम म्हणतात."

नाही. सेंट्रल लिमिट थिअरम, म्हणजे केंद्रीय सीमा प्रमेय, डेटाबद्दल काहीच म्हणत नाही. ते बोलतं सरासरीबद्दल. एकाच समष्टीतून, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं त्या सगळ्यांच्या संचातून, तुम्ही पुन्हा पुन्हा नमुने काढलेत, प्रत्येकाची सरासरी काढलीत आणि त्या सगळ्या सरासऱ्यांचा आयतालेख (कोणत्या गटात किती आकडे पडले ते दाखवणारा खांबांचा आलेख) मांडलात, तर त्या आयतालेखाचा आकार नमुना मोठा होत जाईल तसा घंटेच्या जवळ जातो. या सरासऱ्यांच्या पसाऱ्यालाच नमुना वितरण म्हणतात. प्रत्यक्षात आपल्या हातात नमुना एकच असतो, सरासरीही एकच. म्हणून हे वितरण डोळ्यांना कधी दिसत नाही, आणि म्हणूनच मुलं ते हातातल्या डेटावर चिकटवतात. गोंधळ इथेच होतो, आणि हा मेसेज तोच गोंधळ नियम म्हणून शिकवतो.

डेटाचं होतं ते नेमकं उलट. नमुना वाढवत गेलात की नमुन्याचा आयतालेख समष्टीसारखा दिसू लागतो. समष्टी एका बाजूला कललेली असेल, तर ४० नोंदींत तो कल पुसट दिसेल, ४०० मध्ये ठळक आणि ४००० मध्ये अगदी स्वच्छ. थांबण्याच्या वेळा अशाच असतात: बरेच जण पटकन सुटतात, मोजके जण खूप रखडतात, आणि शून्याच्या खाली कोणी जात नाही. कितीही नोंदी घेतल्या तरी ते शेपूट आखडणार नाही. त्या वेळा तशाच आहेत.

तोंडी समजावून भागलं नाही, म्हणून तिच्या ४० नोंदी चिठ्ठ्यांवर लिहून घेतल्या. एक उचलायची, आकडा टिपायचा, परत टाकून ढवळायची. असे पाच आकडे झाले की त्यांची सरासरी. असं पन्नास वेळा. तासभर गेला. मग दोन आयतालेख शेजारी ठेवले. चिठ्ठ्यांचा लेख उजवीकडे लांब शेपटीचा. सरासऱ्यांचा लेख मात्र मधे गोळा झालेला, अरुंद, थोडा उजवीकडे झुकलेला. ती बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे ही दोन वेगळीच चित्रं आहेत." तो मेसेज पाच मिनिटांत जे पुसून टाकतो ते हेच.

तिच्या प्रकल्पात याचा अर्थ असा. प्रमाण विचलन ११ हा एकेका माणसाच्या वेळेचा पसारा. सरासरीचा पसारा म्हणजे प्रमाण त्रुटी: ११ भागिले ४० चं वर्गमूळ, सुमारे १.७४ मिनिटं. १२ च्या दोन्ही बाजूंना अशा दोनेक त्रुटी मोजल्या की "साधारण ८.५ ते १५.५ मिनिटं" हा अंदाज मिळतो, आणि तो सरासरी प्रतीक्षेबद्दल आहे. "९५ टक्के लोक" इतके थांबतात असं तो कुठेही म्हणत नाही.

आता त्या ३० बद्दल. थोडं मान्य करायलाच हवं. समष्टी सममित असेल, टोकाला भरकटणारे आकडे नसतील, तर सरासरी नॉर्मलच्या जवळ जायला ३० पुष्कळ झाले. फाशाचंच घ्या: एका फाशात सहाही आकड्यांची शक्यता सारखी, दोन फाशांच्या सरासरीचा त्रिकोण होतो, चार-पाच फाशांत घंटा दिसू लागते. ९५ टक्क्यांच्या अंदाजासाठी सरासरीच्या दोन्ही बाजूंना किती प्रमाण त्रुटी घ्यायच्या, ते सांगणाऱ्या टी-तक्त्यात ३० च्या ओळीला २.०४२ आहे आणि नॉर्मलचा आकडा १.९६. हाताने हिशेब करताना एवढा फरक सोडून देता येत असे. पण तो फरक प्रमाण विचलन नमुन्यातूनच काढावं लागतं म्हणून येतो, आणि त्या तक्त्यात समष्टी नॉर्मल असल्याचं आधीच गृहीत धरलेलं असतं. समष्टीच्या आकाराला ३० हे औषध नाही.

मेसेज म्हणतो "कोणताही डेटा". मग शंभरात एकदा घडणारी गोष्ट घ्या: घडली तर १, नाही तर ०. ३० नोंदींच्या नमुन्यात ती एकदाही न दिसण्याची शक्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ७४ टक्के. शंभरातल्या ७४ नमुन्यांची सरासरी शून्य, प्रमाण विचलन शून्य, आणि त्यावरून काढलेला अंदाज "शून्य ते शून्य". आणखी २२ नमुन्यांत ती एकदाच दिसेल. यात घंटा कुठे आहे? आणि अशाच विरळ गोष्टी मोजण्याची खरी गरज पडते: औषधाचा गंभीर दुष्परिणाम, यंत्रातला बिघाड. ३० जणांत दुष्परिणाम दिसला नाही म्हणून तो नाहीच, असं या नियमाच्या भरवशावर कोणी लिहिलं तर त्यातून माणसाला इजा होऊ शकते.

कललेल्या डेटासाठी ३० किती तोकडे पडतात, हे संख्याशास्त्रज्ञ टिम हेस्टरबर्ग यांनी २०१५ साली 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन' या नियतकालिकात मोजून दाखवलं आहे, आणि तेही शिक्षकांसाठी लिहिलेल्या लेखात. घातांकी वितरण हे प्रतीक्षेच्या वेळांसाठी पाठ्यपुस्तकात नेहमी भेटणारं, फारसं विचित्र नसलेलं वितरण. त्यावर नेहमीचा टी-अंतराल (टी-तक्ता वापरून काढलेला सरासरीचा ९५ टक्क्यांचा अंदाज) दोन्ही टोकांना ठरल्याप्रमाणे चुकावा, म्हणजे प्रत्येक टोकाच्या २.५ टक्क्यांपासून त्याचा दशांशही न ढळावा, यासाठी नमुना ५००० च्या घरात न्यावा लागतो. ३० आणि ५०००. ज्यांना माझा शब्द पुरेसा वाटत नाही त्यांनी तो लेख वाचावा. कारण साधं आहे: सरासऱ्यांच्या वितरणाचा कल नमुन्याच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे तो निम्मा करायला नमुना चौपट लागतो.

काही वितरणांत तर तेवढंही होत नाही. कौशी वितरण हे टोकाला फार दूरचे आकडे देणारं वितरण; त्यातून ३० आकडे घ्या की ३० लाख, त्यांच्या सरासरीचा पसारा एका आकड्याइतकाच राहतो. प्रमेयाच्या नेहमीच्या रूपाला अटी आहेत: नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात, प्रसरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) सांत, म्हणजे अनंत नसलेलं, हवं. मेसेजमध्ये एकही अट नाही.

मेसेजमधलं पुढचं वाक्य: "म्हणून ३० च्या पुढे आयतालेख काढायची गरज नाही." हे तर शुद्ध नुकसान. आयतालेख काढला असता तर उणे दहा तिथेच अडकले असते.

"नाव सेंट्रल, कारण आकडे मध्याकडे ओढले जातात." खोटं. द म्वाव्हर या गणितज्ञाने १७३३ साली नाणेफेकीसाठी हा निकाल मांडला, लाप्लास या गणितज्ञाने १८१० मध्ये तो व्यापक केला. नाव दिलं गणितज्ञ पोल्याने १९२० साली, आणि त्यातलं 'केंद्रीय' म्हणजे संभाव्यताशास्त्रात केंद्रस्थानी असलेलं.

"समष्टीच्या किमान १० टक्के नमुना हवा." प्रमाण त्रुटीच्या सूत्रात नमुन्याचा आकार असतो. समष्टी लहान असली तरच तिचा आकार एका छोट्या दुरुस्तीपुरता डोकावतो. १ लाखातून १००० घेतले की १० कोटींतून १०००, त्रुटीत अर्ध्या टक्क्याचा फरक.

शेवटचं, "नमुना मोठा असला की चुका आपोआप एकमेकींना खाऊन टाकतात." यादृच्छिक चुका कमी होतात, एवढं खरं. एकाच दिशेच्या चुका मात्र कमी होत नाहीत. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, जवळपास २४ लाख परत आल्या, आणि त्यावरून लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मतं मिळवून निवडून आले. पत्ते बरेचसे दूरध्वनीच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधले होते, आणि उत्तर पाठवणारेही वेगळ्या कलाचे. २४ लाखांनी ती चूक धुतली नाही.

भाचीने रात्री ते पान फाडून नवं लिहिलं. आधी आयतालेख, मग मध्यक (आकडे क्रमाने लावले की मधोमध येणारा), मग सरासरी आणि तिची प्रमाण त्रुटी. त्याखाली एक ओळ: "डेटा उजवीकडे कललेला आहे आणि नोंदी फक्त ४०, म्हणून सरासरीचा हा अंतराल ढोबळ समजावा." मग तिने विचारलं, "सगळ्या नोंदी एकाच सकाळी, एकाच रांगेत घेतल्या. पुढचा अडकला की मागचाही अडकतो. मग या स्वतंत्र कशा?" त्या स्वतंत्र नाहीत, म्हणून खरी त्रुटी १.७४ पेक्षा जास्तच असणार. तेही तिने पेनने खाली लिहिलं.