रक्तात जास्त म्हणजे पेशीत जास्त? नाही!

सध्या एक मजकूर जोरात फॉरवर्ड होतोय. त्याचं म्हणणं असं: कोलेस्टेरॉल हे पेशींचं अन्न, रक्तात जास्त असेल तर पेशींना जास्त मिळतं, ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल भरपूर असलं की काळजी नको, आणि कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्यांनी पेशी उपाशी मरतात. असलं वाचून लोक परस्पर गोळ्या सोडतात, म्हणून हे उत्तर.

कोलेस्टेरॉल पेशीला लागतं, तिचं आवरणच त्यावर उभं असतं. पण ते वाहून आणणारे एलडीएलचे कण (ज्यांना ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात) रक्तातून पेशीत आपोआप झिरपत नाहीत. पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर, म्हणजे कण पकडणारं प्रथिन, कणाला धरतो, तिथलं आवरण आत खोलगट होतं आणि दोघांना घेऊन त्याची इवली पिशवी सुटते. पिशवीत आम्लता वाढली की पकड सैल होते. कण पचनाला जातो आणि रिसेप्टर साधारण दहा मिनिटांत पुन्हा पृष्ठभागावर हजर! पुरेसं मिळालं की पेशी नवे रिसेप्टर बनवणंच कमी करते. रक्तात कितीही असो, किती घ्यायचं ते पेशी ठरवते.

हे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी उलगडलं. 1985चं नोबेल त्यासाठीच. काही मुलांमध्ये आईवडील दोघांकडून या रिसेप्टरचं सदोष जनुक येतं. त्यांच्या रक्तात एलडीएल प्रचंड असतं आणि लहानपणीच हार्ट अटॅक येऊ शकतो. रक्तात साठतं, कारण पेशी उचलत नाहीत. त्या मजकुराच्या नेमकं उलट.

एचडीएलचं थोडक्यात. पेशीतलं जादा कोलेस्टेरॉल एबीसीए1 नावाचा पंप बाहेर काढतो आणि एचडीएल ते वाहून नेतं. पण रिपोर्टमधला आकडा फक्त साठा सांगतो, वाहतूक किती झाली ते नाही. टोरसेट्रापिब या औषधानं एचडीएल चांगलंच वाढलं, तरी मृत्यू वाढले आणि 2006 मध्ये चाचणी थांबवावी लागली.

राहिली उपासमार. बहुतेक पेशी स्वतःचं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतात. स्टॅटिननं यकृतातलं उत्पादन घटतं, तेव्हा यकृताच्या पेशी जादा रिसेप्टर बाहेर मांडतात आणि रक्तातलं एलडीएल आत ओढतात. रक्तातला आकडा उतरतो तो प्रामुख्यानं यामुळे. आणि एलडीएल कमी असलं म्हणून पेशी उपाशी राहत नाहीत. नवजात बाळाचं एलडीएल डेसीलिटरला 30 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आणि शरीर सर्वांत झपाट्यानं वाढतं ते त्याच वयात. पीसीएसके9 हे प्रथिन रिसेप्टर नष्ट करवतं. ते जन्मतःच नसलेल्या एका तरुण स्त्रीची नोंद 2006 मध्ये प्रसिद्ध झाली: एलडीएल अवघं 14, आणि प्रकृती ठणठणीत.