जॅकेट छताला, माणसं कठड्याला

प्रवासी बोटींवर लाइफ जॅकेट सक्तीचं करा, असं एका लेखात वाचलं, ते पटलं. पण जॅकेट बोटीवर असणं वेगळं आणि अंगावर असणं वेगळं. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईहून घारापुरीला (एलिफंटा लेण्यांना) निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हा 'नीलकमल'वर शंभरावर माणसं होती. अशा वेळी जॅकेट शोधायला सवड कुठली मिळते?

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही घारापुरीला गेलो. बोटीत जॅकेटं छताला सुतळीने करकचून बांधलेली, गाठ नखाने सुटेना. खलाशी म्हणतो, "काका, काय होत नाय, रोजचं आहे." शेवटी त्यानेच सुरीने कापून दिलं. सहा वर्षांच्या नातीला मोठ्यांचं जॅकेट. ते खांद्यांपाशी धरून वर ओढलं तर थेट कानांपर्यंत आलं! पाण्यात पोरगी खालून निसटलीच असती. एवढं ओढून बघणं धक्क्यावरच करा, बोट सुटल्यावर नाही.

आणि ते सीगल! त्यांना वेफर्स टाकायला सगळे एकाच कठड्याला. वरच्या डेकवर गर्दी उभी राहिली की बोट आधीच जास्त डोलते, त्यात हे. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, घसा फोडून ओरडत होता, "बसून घ्या!" ऐकतोय कोण, सगळ्यांचे मोबाइल वर.