पाण्याची आग्र्याहून सुटका

स्लाउ हे लंडनच्या पश्चिमेचं गाव. इंग्रजीत या शब्दाचा अर्थच मुळी चिखलाची दलदल. घर घेण्याआधी कोश उघडायला हवा होता. एका रविवारी पोहे परतताना वरून कढईत टपकन थेंब पडला. मान वर केली तर छताला बशीएवढा, चहाच्या रंगाचा डाग. वर न्हाणीघर. म्हणजे चहा नव्हता, हे नक्की.

विमा कंपनीला फोन लावला. अर्धा तास संगीत ऐकवल्यावर एक बाई अवतरल्या.

"वॉटर इज कमिंग," मी म्हणालो. पुण्यात हे वाक्य आनंदाचं असतं.

"येस, बट हाऊ?"

आता आली का पंचाईत! मराठीत विचारा की. नळ गळतो, भिंत पाझरते, ओल झिरपते, घाम ओघळतो, दूध उतू जातं, न्हालेले केस निथळतात. एकाचं काम दुसऱ्याला देऊन बघा. 'माझे केस पाझरतायत' म्हटलंत तर लोक डॉक्टरचा नंबर देतील. इंग्रजीत मात्र मी वीस वर्षं 'कमिंग' आणि 'गोइंग'वर संसार रेटला होता.

"ड्रिप सांग, ड्रिप," बायको झारा हलवत म्हणाली. ड्रिप म्हणजे ठिबक, जळगावच्या केळीला देतात तसं. लेकीचं मत पडलं ट्रिकल, म्हणजे सुतळीएवढी बारीक धार. मला हवा होता तो झिरपण्याचा 'सीप'. तो सापडलाही, पण ऱ्हस्व-दीर्घाने घात केला.

"वॉटर इज सिपिंग थ्रू द सीलिंग."

पाणी छतात बसून घोट घोट काहीतरी पितंय, हे ऐकून बाई क्षणभर गप्प झाल्या. मग मी घाबरून 'ऊझ' फेकला. तो तर अगदीच घसरला. ऊझायला अंगात थोडा चिकटपणा लागतो. जखमेतला पू ऊझतो, चिखल ऊझतो आणि काही माणसांचा गोडवासुद्धा. शेवटी 'लीक'. हा बिचारा कुठेही चालतो, पण तो भोक सांगतो, पाण्याची चाल सांगत नाही. (त्यांच्याकडे प्रश्नपत्रिकाही लीक होते. आपली फुटते. आपल्याकडे एकूणच जोर जास्त.)

बाईंनीच मग सोपं केलं. "सडन एस्केप ऑफ वॉटर, ऑर ग्रॅज्युअल सीपेज?"

इथल्या विम्याची सगळी मेख या दोन शब्दांत आहे. पाणी अचानक निसटलं तर भरपाई. महिनोन्‌महिने झिरपत राहिलं तर बहुतेक वेळा हात वर. मला मात्र 'एस्केप' ऐकताच १६६६ साल दिसू लागलं. आमचं पाणी मिठाईच्या पेटाऱ्यात दबा धरून बसलंय, पहारेकरी पेंगतायत...

"एस्केप!" मी छाती काढून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. फरशी उचलून त्याने पाइपच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि मायेने म्हणाला, "नथिंग मच. इट्स जस्ट वीपिंग." इथले प्लंबर सांध्यातल्या बारीक पाझराला खरोखरच रडणं म्हणतात.

"सिन्स व्हेन?"

"मंथ्स, मेट."

महिने! पेटारा वेशीवरच उघडला गेला. कागदावर त्याने ठळक अक्षरांत 'वीपिंग' लिहिलं आणि सही ठोकली.

बायकोने तो कागद दोनदा वाचला. "फोन लाव परत," ती म्हणाली, "आणि विचार, रडण्याचे किती देतात."