शंभरावर अडलेलं घर

आमच्या घरात नेट रेंगाळलं की पहिला संशय बाबांच्या कॉम्प्युटरवर. त्याचं लॅन कार्ड, म्हणजे नेटची केबल जिथे लागते ते, शंभर एमबीपीएसचं (सेकंदाला शंभर मेगाबिट), आणि चिरंजीव कुठूनसं ऐकून आलेत की एक स्लो मशीन असलं की सगळं नेटवर्क त्याच्याच चालीनं चालतं. तेव्हापासून बाबांनी पंचांग जरी उघडलं तरी आतून हाक येते, "आजोबा, तुमचं बंद करा ना, माझी गेम अडकतेय!" बाबाही कमी नाहीत. "माझे शंभर तरी आहेत. तुला गणितात किती?"

यात बाबा निर्दोष. यंत्रं एकमेकांना जोडणारा जुना डबा म्हणजे हब. त्याच्या जमान्यात सगळी यंत्रं एकच वाट वाटून घ्यायची, तेव्हा या तक्रारीत दम होता. त्याच्या जागी आलेल्या स्विचमध्ये प्रत्येक पोर्ट, म्हणजे केबल खोचायची खाच, समोरच्या यंत्राशी आपापला वेग ठरवतो. बाबांचा शंभर असला तरी माझा हजार असू शकतो. कुणी कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि गेम अडकणारे चिरंजीव स्वतः वायफायवर, दोन भिंतींपलीकडे.

पण मग लग्नाचा 40 जीबीचा व्हिडिओ माझ्या कॉम्प्युटरवरून हॉलमधल्या नासवर, म्हणजे घरभराच्या फाइली साठवणाऱ्या डब्यावर, जायला तासभर का लागावा? दोन्ही यंत्रं गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसची, आणि आकडा सेकंदाला अकरा-बारा एमबीच्या वर हलेना. आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा शंभर एमबीपीएसला आठानं भागा, साडेबारा एमबी येतात. म्हणजे मधे कुणीतरी शंभरावाला बसला होता. नेटवाल्यांनी फुकट दिलेला राउटर! त्याचे चारही पोर्ट शंभराचे, आणि आमची दोन्ही यंत्रं त्याच्याच मार्फत बोलणार. फुकटचं ते.

हजार-बाराशे मोजून गिगाबिट स्विच आणला. दोन्ही यंत्रं त्यात, आणि राउटर फक्त बाहेरच्या नेटपुरता. या स्विचवर हिरवा दिवा म्हणजे हजार, नारिंगी म्हणजे शंभर. माझा हिरवा लागला. नासचा नारिंगीच.

शेवटी केबलवाल्या पोराला बोलावलं. त्यानं प्लग डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, "काका, निळ्या जोडीतली एक तार आत पोचलीच नाहीये." शंभराला आठांपैकी चार तारा पुरतात, नारिंगी आणि हिरवी जोडी. गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे इतके दिवस नेट चालू होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. पोरानं जुना प्लग छाटला, तारांचे पीळ सोडवले, अंगठ्याखाली धरून सरळ केल्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, मग निळी, पांढरी-निळी, मग हिरवी, शेवटी तपकिरीची जोडी. टोकं एका रेषेत कापली, नव्या प्लगात सरकवली, क्रिंपर दाबला. कट्ट. हिरवा!

टीव्हीचं दुःख मात्र वेगळं. त्याच्यासाठी हॉलभर पट्टी ठोकून केबल नेली, आणि एवढ्या महागड्या टीव्हीचा पोर्ट निघाला शंभराचा. फोरकेला पंचवीस एमबीपीएसमध्ये भागतं, म्हणजे अडलं काहीच नाही. पण भिंतीचा रंग उडाला तो उडालाच, आणि दर दिवाळीला त्याचा उल्लेख होतो.

आता तोच व्हिडिओ सहा मिनिटांत जातो. पूर्वी "कॉपी चालू आहे, उठता येणार नाही" म्हटलं की तासाची निश्चिंती असायची. परवा बसतो न बसतो तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "झाली ना कॉपी? मग कोथिंबीर आण. आणि लिंबंही."